पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन अवघड जाणार का, हे आधी कळतं का?

सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीची (पित्ताशयाची) भिंत जाड आलीय, ऑपरेशन अवघड जाईल का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच अंशी आधी सांगता येतं. बाबांच्या वेळी नांदेडच्या सर्जननी आदल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं, "हे सोपं जाणार नाही. दुर्बिणीनं सुरू करतो, पण पोट उघडावं लागलं तर उघडणार. त्याचीही सही द्या."

तसंच झालं. पिशवी चहूकडून चिकटलेली, नळ्या ओळखू येईनात, म्हणून पोट उघडलं. बरगडीखालचा छेद बघून काका दवाखान्यातच म्हणाले, "डॉक्टरला येतच नव्हतं, संभाजीनगरला न्यायला पाहिजे होतं." अजूनही लग्न असो की तेरावं, हेच ऐकवतात.

पण अवघड झालं कशानं? पहिल्यांदा कळ आली तेव्हाच परभणीच्या डॉक्टरांनी पिशवी काढून टाका म्हणून सांगितलं होतं. काका आडवे आले. आधी सोयाबीन निघू द्या, मग हरभरा, मग बहिणीचं लग्न. मध्येच कुणाचा तरी खडे विरघळवायचा काढा. दर वेळी पोट दुखायचं, ताप यायचा, ॲडमिट करून सलाईन लावायची, उतरलं की घरी. प्रत्येक सुजेनंतर पिशवी जास्तच चिकटत गेली.

ऑपरेशन किती अवघड जाईल हे आधी ओळखायला रंधावा आणि पुजाहारी या डॉक्टरांनी २००९ साली १५ गुणांचा तक्ता मांडलाय. वय पन्नाशीच्या वर १, पुरुष १, भिंत ४ मिमीपेक्षा जाड २, वजन जास्त असेल तर २ पर्यंत, बेंबीच्या वर जुना व्रण २. आणि पिशवीच्या सुजेसाठी आधी ॲडमिट झालेले असाल तर एकदम ४. पाचपर्यंत सोपं, सहा ते दहा अवघड, पुढं फारच अवघड. बाबांचे ८ भरतात. त्यातले ४ नुसत्या उशिराचे, ते काही नांदेडच्या डॉक्टरनी लावलेले नाहीत. मुख्य पित्तनळी कापली गेली तर माणूस वर्षानुवर्षं भोगतो. नळी दिसत नसताना दुर्बिणीचाच हट्ट धरणाऱ्या सर्जनकडं मी माझं माणूस देणार नाही.

अर्थात हा अंदाजच. कमी गुण असूनही आतली रचना वेगळी निघते, अन् जाड भिंतीची पिशवीही कधी सहज सुटते. तुमच्या नुसत्या भिंतीचे २ च होतात. आधी ॲडमिट झाला असाल तर जुनी डिस्चार्ज कार्डं घेऊन जा, आणि कावीळ होऊन गेली असेल तर तेही सांगा, म्हणजे मुख्य नळीत खडा आहे का ते एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करून आधीच बघता येईल.