मुलीच्या शाळेतील चित्रकलेचे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरले आहेत. शाळेची मूल्ये टिकावीत यासाठी पालक म्हणून मी काय करू शकते?

आपण लिहिले आहे की अनुदानित मराठी शाळेतील चित्रकलेच्या सरांना अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त, ठरवले गेले, मुख्याध्यापक ‘वरून आदेश आहे’ एवढेच सांगतात, आणि सर्वांगीण विकासाचे ब्रीद मिरवणारी शाळा आता केवळ निकालाच्या टक्केवारीबद्दल बोलते. माझ्या मुलाच्या शाळेत हेच घडले तेव्हा मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य होतो.

सर्वप्रथम चालू वर्षाची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदे मंजूर आहेत हे सांगणारा सरकारी आदेश, पाहायला मागा. मंजूर पदे 30 सप्टेंबरच्या पटावरून ठरतात आणि त्या पटात आधार पडताळणी झालेले विद्यार्थीच धरले जातात, हे आम्हा पालकांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मुख्याध्यापकांनी हजेरीपट उघडून दाखवला, तेव्हा अकरा नावांसमोर पेन्सिलीने फुल्या होत्या. कोणाच्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे झालेले, कोणाच्या आडनावाचे स्पेलिंग शाळेच्या प्रवेश नोंदवहीशी (जनरल रजिस्टर) जुळत नव्हते, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरातील दोन भावंडांचे आधारच काढलेले नव्हते. ही मुले रोज वर्गात बसत होती, परंतु मंजुरीच्या हिशेबात नव्हती. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन आणि 61 ते 90 मुलांसाठी तीन शिक्षक सांगितले आहेत. यावरून एकेका नावाचे मोल लक्षात येईल. आम्ही दोन शनिवार आधार केंद्रावर बसून नऊ नावे दुरुस्त करून घेतली. मुदत उलटल्यामुळे सरांचे पद मात्र वाचले नाही, याची खंत मला आजही आहे.

दुसरी गोष्ट प्रक्रियेची. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतील नियम 26 प्रमाणे पट किंवा तुकड्या घटल्यामुळे कायम शिक्षकाला कमी करायचे असल्यास तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता लागते आणि सेवाज्येष्ठता पाळावी लागते. हे सर्व पाळले गेले का, असे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तेव्हा हा विषय फाटकाबाहेरच्या चर्चेत न ठेवता बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

मूल्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. पद जाणे कधीकधी संस्थेच्या हातात नसते. शिक्षक गेल्यानंतर त्यांच्या विषयाचे काय होते, हे मात्र संस्थेच्याच हातात असते. आमच्या सरांचे समायोजन, म्हणजे रिकाम्या पदावर नेमणूक, दूरच्या शाळेत झाले आणि पुढच्याच सोमवारी त्यांचा तास गणिताच्या जादा सरावाला दिला गेला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांसाठी नाव दिलेली मुले कागद घेऊन रिकाम्या चित्रकला कक्षासमोर उभी होती. त्यांचे फॉर्म कोण भरणार, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असल्यास कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे कायद्याच्या त्याच अनुसूचीत लिहिले आहे. म्हणून आपल्या लेखी अर्जात सर का गेले एवढेच विचारू नका. सोमवारपासून तो तास कोण घेणार आणि कोणत्या दिवशी, हेही नावानिशी मागा.