चौथीच्या मुलांना फळं-भाज्या वापरून पोषण कसं शिकवावं? (मराठी शाळा, बेळगाव तालुका)

रताळ्यापासून सुरुवात करा, तक्ता भिंतीवरच राहू दे. तुमच्या भागात रताळी घरोघरी असतात, विकत आणावी लागत नाहीत. खानापूरकडच्या शाळेत मी हे दरवर्षी करते: मेडिकलमधलं आयोडीन पाण्यात पातळ करायचं आणि रताळं, कच्चं केळं, पूर्ण पिकलेलं केळं, काकडी यांच्या फोडींवर एकेक थेंब टाकायचा. पिष्ट (स्टार्च) असेल तिथे आयोडीन काळंनिळं होतं: रताळं नि कच्चं केळं काळंनिळं पडतं, पिकलेल्यावर डाग फिका, काकडीवर नुसता तपकिरी. पिकताना पिष्टाची साखर झाली, हे मग पोरंच सांगतात. (थेंब टाकलेल्या फोडी लगेच गोळा करा, एखादी तोंडात जातेच!) दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात सांबार-भातावर लिंबू पिळायला द्या, क जीवनसत्त्वामुळे डाळी-पालेभाजीतलं लोह जास्त अंगी लागतं. एक मात्र सांभाळा: आयोडीन फक्त पिष्ट दाखवतं, जीवनसत्त्वं नाही. डाग पडला नाही म्हणजे काकडीत काहीच नाही, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका.