पट्ट्यातलं यंत्र नक्की काय मोजतं?

प्रश्न : मी भिवंडीला गोडाऊनमध्ये खोकी उचलायचं काम करतो, आता कमरेला आणि पाठीला सेन्सरचे पट्टे बांधायला लावलेत, वाकलं की नोंद होते म्हणे. याने कंबरदुखी कळते का, की नुसती पाळत?

उत्तर : दादा, दुखणं नाही कळत त्याला. आत अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप असतो, म्हणजे तुम्ही किती अंशात वाकलात, किती वेगाने वळलात, दिवसात किती वेळा, एवढंच ते मोजतं. पाठ 60 अंशांपेक्षा जास्त वाकली की रेबा नावाच्या, कामातली अंगाची ठेवण बघून गुण देणाऱ्या तपासणीत धोक्याचे गुण वाढतात, अंगाला पीळ पडला तर आणखी. पण गंमत अशी की खोकं 5 किलोचं की 30 चं हे त्या पट्ट्याला ठाऊकच नसतं, ते वेगळं लिहावं लागतं! अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संशोधन संस्थेच्या वजन उचलण्याच्या सूत्रात सगळं अगदी सोयीचं असेल तरी 23 किलोच मर्यादा आहे, लांबून किंवा जमिनीवरून उचलायचं तर त्याहून कमी. पट्टा सैल झाला तरी आकडे चुकतात. पाळतीचं म्हणाल तर सरळ विचारा, आकडे कोण बघणार आणि खालचे रॅक वर घेणार का? नाहीतर नुसतं "नीट वाका" सांगतील.