माउंटन बाईकसाठी हलके, घडी करून खिशात मावणारे, वारा अडवणारे जॅकेट कसे निवडावे?

आपण परतवाड्याच्या परिसरात राहता, हिवाळ्यात पहाटे माउंटन बाईक घेऊन चिखलदऱ्याच्या वाटेला लागता, चढताना घामाने भिजता आणि उतरताना छाती व हात गारठतात, असे आपण लिहिले आहे. वारा अडवणारे, वजनाला हलके आणि खिशात मावणारे जॅकेट कसे निवडावे, ते वॉटरप्रूफ असावे का, त्याला टोपी असावी का आणि एक माप मोठे घ्यावे का, हे आपले प्रश्न आहेत. मीही सातपुड्याच्या पायथ्याशीच सायकल चालवतो, त्यामुळे आपल्याच भागातले हवामान, घाट आणि पांदण रस्ते डोळ्यांपुढे ठेवून उत्तर देतो.

माझे ठाम मत असे आहे की, आपल्या भागासाठी जॅकेट निवडताना ते वारा किती अडवते हे नंतर पाहावे आणि घामाची वाफ किती बाहेर जाऊ देते हे आधी पाहावे. कारण आपल्याकडची थंडी कोरडी आणि थोड्या तासांची असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, कधी त्याहून बराच खाली जातो (नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सियसची नोंद झाली होती), परंतु नऊ-दहा वाजेपर्यंत ऊन अंगाला लागू लागते. म्हणजे जॅकेट अंगावर राहण्याचा काळ थोडा आणि खिशात राहण्याचा काळ मोठा असतो. आणि जेव्हा ते अंगावर असते, तेव्हा आतले कपडे बहुतेक वेळा आधीच ओले झालेले असतात.

परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर आणि चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश या हिशोबाने वर पोहोचेपर्यंत तापमानात चार-पाच अंशांचा फरक पडायला हवा, परंतु निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे थंड हवा जड होऊन खोलगट भागात साचते आणि तेव्हा घाटमाथ्यापेक्षा खाली सापन नदीच्या काठावरच जास्त हुडहुडी भरते. याचा अर्थ असा की, घाट उतरून झाला म्हणजे जॅकेटचे काम संपले, असे आपल्याकडे नेहमी होत नाही. ते शेवटच्या सपाट पट्ट्यातही अंगावर ठेवावे लागते आणि तिथे पुन्हा पायडल मारावे लागत असल्याने घाम येतो. पूर्ण हवाबंद जॅकेट याच ठिकाणी त्रास देते.

उतारावरच्या वाऱ्याचा परिणाम किती होतो, याचा अंदाज एका उदाहरणावरून येईल. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते हे काढण्यासाठी कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी २००१ पासून जे सूत्र वापरात आणले, त्यानुसार हवेचे तापमान १० अंश असताना ताशी २० किलोमीटर वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांसारखे वाटते आणि ताशी ४० किलोमीटर वाऱ्यात सुमारे ६ अंशांसारखे. हा फरक ऐकायला लहान वाटतो, पण हे आकडे कोरड्या त्वचेचे आहेत. घामाने ओल्या झालेल्या अंगावरून तोच वारा गेला की पाणी झपाट्याने वाफ होते आणि प्रत्येक ग्रॅम घाम वाफ होताना शरीरातली जवळजवळ २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. आपण जो गारठा अनुभवता, त्यात मोठा वाटा या ओलेपणाचा आहे. म्हणून जॅकेटच्या आत घाम साचू देणे म्हणजे पुढच्या उतारासाठी थंडीची सोय करून ठेवणे होय.

आता कापडाकडे येऊ. हलकी विंड जॅकेटे बहुतेक वेळा नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या अतिशय बारीक धाग्याची असतात. धागा इतका दाट विणलेला असतो की वाऱ्याचा जोर कापडावरच मोडतो. काही कापडे विणल्यानंतर गरम रुळांमधून दाबून काढतात, त्यामुळे छिद्रे आणखी मिटतात आणि कापडाला एका बाजूने चकाकी येते. हे दाबणे जितके जास्त, तितका वारा कमी शिरतो आणि वाफही कमी निघते. काही कंपन्या एक चौरस फूट कापडातून एका मिनिटात किती घनफूट हवा आरपार जाते, हा आकडा सीएफएम म्हणून देतात. तो एक किंवा त्याहून कमी असेल तर ते कापड जवळजवळ हवाबंद समजावे. आपल्या घाटासाठी मला तो दहाच्या वर असलेला आवडतो. आकडा दिलेला नसेल तर दुकानातच जॅकेटचे एकेरी कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारावी आणि पलीकडे तळहात धरावा. जोर लावल्यावर हाताला हवेची मंद झुळूक जाणवली तर कापड योग्य आहे. गाल फुगले तरी काहीच पलीकडे जात नसेल तर ते जॅकेट मोटारसायकलसाठी चांगले, सायकलच्या चढासाठी नाही. आपल्या तालुक्याच्या बाजारात विंडचीटर म्हणून जी अस्तर लावलेली जॅकेटे टांगलेली असतात, ती बहुतेक याच दुसऱ्या प्रकारची असतात.

धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. परदेशी वर्णनांमध्ये सात किंवा दहा डेनियरच्या जॅकेटांचे कौतुक असते, आणि डांबरी रस्त्यावर किंवा डोंगर चालण्यासाठी ती उत्तमच आहेत, परंतु आपल्या वाटांसाठी मी ती सुचवणार नाही. धुऱ्यावरची बोराटी, पांदणीत दोन्हीकडून झुकलेल्या बाभळी आणि जंगलाच्या कडेची घाणेरी यांच्यातून हँडल वळवत जाताना बाही घासतेच. वीस ते तीस डेनियरचे, चौकटीचौकटीत जाड धागा घालून विणलेले रिपस्टॉप कापड घ्यावे. काटा लागला तरी त्या जाड धाग्यापाशी फाट थांबते आणि तिथे शिंप्याकडून शिवून घेण्याऐवजी चिकटपट्टीचा तुकडा लावून काम भागते. यामुळे वजन तीस-चाळीस ग्रॅमने वाढेल, ते वाढू द्यावे. बाही असलेले सायकलचे विंड जॅकेट साधारण ७० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान असते. या टप्प्यात वरच्या बाजूला राहिले तरी ते जर्सीच्या मागच्या खिशात सहज मावते. पैसे वाचवायचे असतील तर इथेच वाचतात, कारण सर्वांत महाग जॅकेटांमध्ये आपण बरेचदा त्या अतिबारीक धाग्याचीच किंमत देत असतो.

बेतणीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात उभे राहून घातलेले जॅकेट आणि सायकलवर वाकल्यावरचे जॅकेट यांत मोठा फरक असतो. ते घातल्यावर दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करून कमरेत वाकून पाहावे. मनगटे उघडी पडता कामा नयेत, पाठीचा घेर कमरेच्या वर सरकता कामा नये, आणि खांद्यावर ताण येता कामा नये, कारण माउंटन बाईकवर उतरताना आपण सीटवरून उठून कोपरे बाहेर काढतो. मनगटाला आणि खालच्या घेराला इलॅस्टिक असावे. पुढची चेन (झिप) पूर्ण लांबीची असावी, म्हणजे चढावर ती पोटापर्यंत उघडून हवा घेता येते. गळ्यापाशी चेनीचे टोक झाकणारी लहान घडी असावी, नाहीतर हनुवटी सोलवटते. चेनीच्या मागे कापडाची पट्टी नसेल तर वारा नेमका छातीच्या मध्यावर शिरतो.

फडफडीकडे बहुतेक लोक लक्ष देत नाहीत, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. सैल जॅकेट उतारावर कानाशी इतका आवाज करते की मागून येणारी एसटी किंवा जीप ऐकू येत नाही. आपण ज्या भागात फिरता तिथे रस्त्याच्या कडेला अस्वल किंवा रानडुक्कर असणे अशक्य नाही, आणि झुडपातली खसफस वेळेवर ऐकू येणे ही तिथे सुरक्षिततेची गोष्ट आहे. (मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या कच्च्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालू नये, हे आपल्याला माहीत असेलच; तरी इथे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.) याच कारणासाठी मी टोपी नको म्हणेन. हेल्मेटच्या खाली ती कान झाकते आणि मागे सोडली तर वारा भरून गळा ओढते. त्याऐवजी गळ्यात घालायची पातळ कापडाची नळीसारखी पट्टी जवळ ठेवावी.

वॉटरप्रूफ जॅकेट घेऊ नये. खरे वॉटरप्रूफ म्हणजे आत पडदा असलेले आणि शिवणींवर पट्टी चिकटवलेले जॅकेट. ते वाफ सोडते असे सांगतात आणि काही प्रमाणात ते खरेही आहे, पण घाट चढणाऱ्या माणसाच्या घामापुढे ती क्षमता अपुरी पडते. हलक्या विंड जॅकेटवर पाणी घरंगळून जावे म्हणून एक लेप दिलेला असतो. दवाला, धुक्याला आणि चार थेंबांना तो पुरतो. जुलै-ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला जो पाऊस पडतो, त्यात असले जॅकेट थोड्याच वेळात भिजेल, हे गृहीत धरूनच चालावे. त्या दिवसांत थंडी मात्र जीवघेणी नसते आणि ओले झालेले पातळ जॅकेटही उतारावर वारा अडवण्याचे काम करत राहते. तासन् तास पावसात जायचे असेल तर रेनकोट वेगळा घ्यावा. दोन्ही कामे एकाच कपड्याकडून करून घेण्याच्या प्रयत्नात हिवाळ्याचे काम बिघडते.

खरेदीपूर्वी एक प्रयोग करून पाहावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. टूर द फ्रान्समधील स्वार पूर्वी घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत आणि उतरण्यापूर्वी जर्सीच्या आत छातीवर ठेवत असत. आपणही कालचे वर्तमानपत्र घडी घालून सोबत न्यावे आणि उतरताना तसेच करावे. छाती-पोट झाकल्याने गारठा पुरेसा कमी झाला तर आपल्याला बाहीच्या जॅकेटची गरजच नाही. पुढून वारा अडवणारी आणि पाठीला जाळी असलेली बिनबाह्यांची बंडी पुरेल. ती जॅकेटापेक्षाही हलकी असते, पाठीवर पाण्याची पिशवी असली तरी घाम कोंडू देत नाही आणि काट्यांत अडकायला तिला बाह्याच नसतात. आपण मात्र हातही गारठतात असे लिहिले आहे, त्यामुळे आपल्या बाबतीत बाही लागेल असा माझा अंदाज आहे. तरीही प्रयोग करून मगच ठरवावे.

आत काय घालता, यावर जॅकेटचे निम्मे यश अवलंबून आहे. आपण कापसाच्या मुलखातली माणसे आहोत आणि उन्हाळ्यात सुती कपड्याइतके सुख दुसरे नाही, परंतु हिवाळ्यातल्या घाटासाठी सुती बनियन घालू नये. सूत घाम शोषून धरते आणि लवकर वाळत नाही; त्यावर कितीही चांगले जॅकेट चढवले तरी अंगाला ओला कपडा चिकटलेलाच राहतो. पॉलिएस्टरची खेळाची बनियन स्वस्त मिळते आणि काम देते. सुतीच घालायची असेल तर कोरडी एक सोबत ठेवावी आणि वाटेतल्या मोथा गावात चहासाठी थांबाल तेव्हा बदलावी. जॅकेटही तिथेच, अंग गरम असताना घालावे. थंडी वाजू लागल्यावर घातले तर ते गेलेली ऊब परत आणू शकत नाही.

घडी करण्याची सोय पाहताना जॅकेट स्वतःच्याच खिशात भरले जाते का आणि त्या खिशाच्या चेनीला दोन्ही बाजूंनी पकड आहे का, हे तपासावे. एका बाजूनेच पकड असेल तर उलटा केलेला खिसा बंद करताना थंड बोटांची परीक्षा होते. ओले जॅकेट घरी आल्यावर त्या खिशात राहू देऊ नये, त्याला बुरशीचा वास धरतो. साध्या सौम्य साबणाने धुवावे, कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नये, कारण त्याने पाणी घरंगळवणारा लेप निकामी होतो. सावलीत वाळवावे, आपल्याकडचे ऊन नायलॉनचा धागा कमजोर करते. गवताची कुसळे अडकली असतील तर ती शेपटाकडून मागे ओढू नयेत. टोकावरचे बारीक केस मागच्या दिशेला वळलेले असल्याने ती टोकाच्याच दिशेने पुढे ओढून काढावीत, म्हणजे धागा निघत नाही.

मापाबद्दल विचाराल तर आपले नेहमीचेच घ्यावे. आत एक पातळ बनियन आणि एक जर्सी एवढेच असणार आहे, स्वेटर नाही. त्यामुळे मोठे माप घेतल्याने फक्त फडफड वाढेल. बाही किंवा पाठ आखूड पडत असेल तर मोठ्या मापाऐवजी दुसऱ्या कंपनीचे जॅकेट घालून पाहावे. आणि फक्त घेरच सैल असेल तर गावातला शिंपी खालच्या शिवणीत इलॅस्टिक ओढून देऊ शकतो. त्याला मशीनला सर्वांत बारीक सुई लावायला आणि आधी कापडाच्या आतल्या कडेवर टाका घालून पाहायला सांगावे, कारण या कापडात सुईचे पडलेले भोक बुजत नाही.