शंका-समाधान: डोंगरदऱ्यांतला रिपीटर

प्रश्न: बचावपथकासाठी सर्वांत उंच शिखरावर ५० वॅटचा व्हीएचएफ रिपीटर (आलेलं बोलणं पकडून लगेच पुन्हा प्रक्षेपित करणारा रेडिओ संच) आणि जास्त गेनचा, म्हणजे क्षितिजाकडे शक्ती एकवटणारा, उभा अँटेना बसवला. खालच्या दरीत रिपीटर खणखणीत ऐकू येतो, पण दरीतल्या हँडसेटचं बोलणं वर पोचत नाही. १०० वॅट केले तर?

उत्तर: नका करू. रिपीटर ५० वॅटचा, हँडसेट ५ वॅटचा, म्हणजे परतीची वाट आधीच १० डेसिबलने (दहापट) दुबळी आहे. १०० वॅट केलेत की तफावत १३ वर जाईल आणि दरीतल्या माणसाला वाटेल, मला ऐकू येतंय म्हणजे माझंही जात असणार. बचावकार्यात हा गैरसमज महागात पडतो. आराखडा कमरेला लावलेल्या हँडसेटपासून वर आखायचा. नुसत्या शरीराच्या आडोशानेच १० डेसिबल सहज जातात.

दुसरा संशय अँटेनावर. ८-९ डीबीआय (गेन मोजायचं एकक) गेनच्या उभ्या अँटेनाचा झोत साधारण १५ अंशांचा, त्यातला निम्माच क्षितिजाखाली. शिखरापासून ३ किलोमीटरवर ९०० मीटर खोल दरी असेल, तर तिकडे पाहण्याचा कोन जवळपास १७ अंश खाली येतो. म्हणजे झोत दरीच्या डोक्यावरून जातो. साधा फोल्डेड डायपोल (रुंद झोताचा अँटेना) लावून पाहा. क्षितिजाच्या दिशेने सहाएक डेसिबल कमी होतील, पण दरी झोतात येईल. त्यानेही भागलं नाही तर शिखराचा हट्ट सोडा. दरीत थेट डोकावणारा खालचा सोंड-माथा पुष्कळदा जास्त कामाचा ठरतो.

जागा पक्की करण्याआधी तिथे फक्त रिसीव्हर न्या आणि अँटेनाच्या लाइनमध्ये १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम क्षीण करणारा जोड) घाला. खाली एकाने हँडसेट घेऊन ओढ्याच्या प्रत्येक वळणावरून बोलावं. अ‍ॅटेन्युएटर असूनही शब्द कळले, तर ओल्या झाडीच्या दिवसांसाठी हाताशी शिल्लक आहे असं समजा.

प्रश्न: टेबलावर सगळं उत्तम होतं. डोंगरावर नेल्यावर जवळचे हँडसेट नीट येतात, दूरचे मात्र तुकड्यातुकड्यांत. डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर वेगळे ठेवणारा फिल्टर) बिघडला का?

उत्तर: लगेच त्याला दोष देऊ नका. दूरचा क्षीण सिग्नल आला की ट्रान्समीटर सुरू होतो, त्याच्या गोंगाटाने रिसीव्हर बहिरा होतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी झडप) मिटतो, ट्रान्समीटर थांबतो, रिसीव्हरला परत ऐकू येऊ लागतं, आणि पुन्हा तेच. याला डीसेन्स म्हणतात. नवल वाटायला नको: ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल), आणि त्याच्याच शेजारी ०.२५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे −११९ डीबीएम ऐकू पाहणारा रिसीव्हर. फरक १६६ डेसिबलचा!

मोजायचं असं. अँटेनाच्या लाइनमध्ये कपलर (लाइन न तोडता थोडासा सिग्नल आत सोडणारा जोड) घालून सिग्नल जनरेटर जोडा. ट्रान्समीटर बंद ठेवून, आवाज खरखरीच्या काठावर येईपर्यंत पातळी उतरवा. आता ट्रान्समीटर हाताने चालू करा. तितकाच आवाज परत मिळवायला जितके डेसिबल चढवावे लागले, तितका डीसेन्स. एक डेसिबलपर्यंत सोडून द्या. मग अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती बाहेर न सोडता उष्णतेत जिरवणारा भार) लावून हेच पुन्हा करा. डमी लोडवर शून्य आणि अँटेनावर ६ आला, तर चोर डुप्लेक्सरच्या पलीकडे आहे: पाणी शिरलेला कनेक्टर, गंजका क्लॅम्प, मनोऱ्यावर घासणारी तार. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि गोंगाट करतो. वारा सुटला की खरखर वाढते, ही त्याची खूण. डमी लोडवरही ६ आला, तरच डुप्लेक्सर आणि पेटीतल्या जोडकेबली तपासा.

केबलबद्दल एक आग्रह. अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख आणि त्यावर कथिल चढवलेली तांब्याची जाळी असलेली केबल डुप्लेक्स (एकाच वेळी ऐकणाऱ्या आणि बोलणाऱ्या) रिपीटरला लावू नये. दोन धातू एकमेकांवर हलले की स्वतःच गोंगाट करतात. पेटीत चांदी चढवलेल्या दुहेरी जाळीची आणि मनोऱ्यावर अखंड नालीदार तांब्याची केबल घ्या. स्वस्त पडत नाही, पण तिथे वाचवलेले पैसे डोंगर चढण्यात जातात.

प्रश्न: व्हीएचएफ की यूएचएफ?

उत्तर: झाडी आणि कडेकपारी असतील तर व्हीएचएफ; त्याच्या लहरी यूएचएफपेक्षा लांब, म्हणून ते कड्याच्या धारेवरून जास्त वळतं. दोन रिपीटर जोडणाऱ्या दुव्याला यूएचएफ आणि यागी (एकाच दिशेला झोत टाकणारा अँटेना). २० किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर फ्रेनेल क्षेत्राची (सरळ रेषेभोवती लहरींना लागणाऱ्या मोकळ्या जागेची) त्रिज्या ४५० मेगाहर्ट्झवर सुमारे ५८ मीटर असते. तिच्या ६० टक्के, म्हणजे ३५ मीटर तरी मोकळे हवेत. नुसती नजर पोचते एवढं पुरत नाही.

प्रश्न: बॅटरी केवढी घ्यावी?

उत्तर: २५ वॅटचा रिपीटर बोलताना ६ अँपिअर आणि ऐकताना अर्धा अँपिअर घेतो असं धरू. दिवसाचा पाचवा हिस्सा बोलण्यात गेला तर रोज ३८ अँपिअर-तास लागतात. चार ढगाळ दिवसांचे झाले १५४. लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरायची म्हणून ३०० च्या पुढे. लिथियम आयर्न फॉस्फेट २०० ची पुरते. पॅनेलचा हिशेब सर्वांत वाईट महिन्यावर करा: रोज तीन तासांचंच पूर्ण ऊन धरलं, तर नुकसान जमेस धरून २४० वॅट. आणि शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नाही; तापमान पाहून चार्जिंग तोडणारा कंट्रोलर नसेल तर त्या उंचीवर लेड-अ‍ॅसिडच बरी.