शेपटावरचा नंबर आणि विमानाची कुंडली

प्रश्न : आजोबा हवाई दलात फिटर होते. ट्रंकेत त्यांचा एका स्पिटफायर या ब्रिटिश बनावटीच्या लढाऊ विमानाजवळचा फोटो सापडला. विमानावर ‘एचएस’ आणि तीन आकडे दिसतात. या विमानाचा मागचा प्रवास कसा शोधायचा? – साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ‘एचएस’ ही अक्षरं आपल्या हवाई दलाने दिलेली, म्हणजे फोटो स्वातंत्र्यानंतरचा. साल ठरवायला विमानावरचं गोल चिन्ह भिंगातून बघा. अशोकचक्र असेल तर १९४८ ते १९५० च्या सुमाराचा, तिरंगी वर्तुळं असतील तर त्यानंतरचा. चक्राच्या आऱ्या कृष्णधवल फोटोतही ओळखू येतात.

याच विमानाला आधी ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचा वेगळा नंबर होता. दोन्ही नंबरांची जोडी विमानाच्या लॉगबुकात किंवा हौशी अभ्यासकांच्या याद्यांत मिळते. दोन स्वतंत्र ठिकाणी तीच जोडी दिसल्याशिवाय मी तरी मानत नाही. ब्रिटिश नंबर हाती लागला की ‘फॉर्म ७८’ हे विमानाच्या नोंदींचं कार्ड मागवा. विमान कारखान्यातून कधी निघालं, कुठल्या युनिटकडे गेलं, हे त्या कार्डावर असतं. कार्डं लंडनला हेंडनच्या आरएएफ म्युझियमकडे आहेत. गोम अशी, की विमान इकडे पाठवलं की कार्डावरच्या नोंदी बहुधा आटतात. पुढचं स्क्वाड्रनच्या, म्हणजे हवाई तुकड्यांच्या, नोंदवह्यांत शोधायचं. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल अर्काइव्हजमध्ये ‘एआयआर २७’ मालिकेत आहेत. कुठल्या दिवशी कोण कुठलं विमान घेऊन उडालं, हे त्यात सापडतं. वाचून डोळे दुखतात, पण पर्याय नाही.

आजोबांच्या नेमणुकांसाठी दिल्लीत सुब्रतो पार्कला एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस आहे. युनिट कळलं तर निम्मं चाळणं वाचेल.

प्रश्न : भंगारात एक पट्टी मिळाली. त्यावर ‘३००’ने सुरू होणारा लांबलचक नंबर आहे. हा विमानाचा नंबर का? – होटगी रोड

उत्तर : नाही, तो सुट्या भागाच्या ड्रॉइंगचा असावा. स्पिटफायरचं मूळ डिझाइन ती बनवणाऱ्या सुपरमरीन कंपनीकडे ‘टाइप ३००’ म्हणून होतं, त्यामुळे तिचे भाग असे सुरू होतात. पण तोच नंबर शेकडो विमानांवर असणार. तेवढ्यावरून ‘आमच्याकडे अमुक विमानाचा तुकडा आहे’ म्हणू नका. आणि कृपा करून पॉलिश पेपर मारू नका! नंबराजवळ तपासनिसाचा बारका शिक्का असतो, तो घासला की गेला. खोलीत अंधार करा, बॅटरी आडवी धरा आणि फोटो काढा.

प्रश्न : पुण्याला घोरपडीच्या युद्धस्मारकात मिग-२३ पाहिलं. अशा विमानांवरचा नंबर खरा मानायचा का? – जुळे सोलापूर

उत्तर : तपासाची सुरुवात म्हणून माना. प्रदर्शनातली विमानं पुन्हा रंगवली जातात. हवाई दलाला २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त झालेलं डकोटा हे जुनं वाहतूक विमान मिळालं. त्यावर ‘व्हीपी ९०५’ आहे, तो १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा मान म्हणून. विमान मात्र ते नव्हे. इंजिनावरच्या पाटीलाही भुलू नका, इंजिनं बदलली जातात. धडावरचा कारखान्याचा क्रमांक बघा.

प्रश्न : माहिती अधिकारात विचारता येईल? – बार्शी

उत्तर : येईल, शुल्क १० रुपये. ‘सगळा इतिहास द्या’ असं मोघम लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. एक नंबर, एक युनिट, एक साल, एवढंच विचारा. कलम ८(३) चा उल्लेख करा. २० वर्षांहून जुन्या घटनांना माहिती नाकारण्याचे बरेचसे अपवाद लागू होत नाहीत, सुरक्षेचा मात्र होतो. सोबत फोटोची झेरॉक्स जोडा, नंबर ठळक दिसेल अशी.