मुलांचं दुखणं आणि हातातला मोबाइल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची (एसएस, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला प्रकार) रुग्ण. पाय आणि कंबर ठणकते. ओपीडीत डॉक्टर विचारतात, ‘महिन्यात किती दिवस दुखलं?’ आम्हाला सांगता येत नाही. भाच्याने मोबाइलवर दुखण्याची डायरी टाकून दिली, पण ती इंग्रजीत आहे आणि मुलगी आठवड्यातच कंटाळली.
— एक आई, इंदोरा, नागपूर

उत्तर: ताई, ते अ‍ॅप काढून टाका आणि भाच्याकडून मराठीत एक गुगल फॉर्म करून घ्या. त्यात चारच प्रश्न ठेवा. आत्ता किती दुखतंय? कुठे? दुखण्यामुळे आज काय राहिलं: शाळा, खेळ की झोप? कोणतं औषध, किती, किती वाजता? फॉर्मची खूण मोबाइलच्या पहिल्याच पानावर ठेवा. भरल्याची तारीख-वेळ आपोआप शीटमध्ये पडते. रेंज नसेल तर फॉर्म जात नाही, अशा वेळी वहीत लिहा.

गजर दोनच लावा, शाळेतून आल्यावर आणि झोपताना. नोंद मुलीने स्वतः करावी. दर तासाला ‘बेटा, दुखून राहिलं का?’ असं विचारलं की तिचं सगळं लक्ष दुखण्याकडेच जातं. रविवारी बसून आठवड्याच्या नोंदी एकदम भरू नका. तेव्हा आठवतो तो सगळ्यात वाईट दिवस किंवा मग कालचा, बाकीचे दिवस अंदाजाने भरले जातात.

किती दुखतंय हे दाखवायला हसरे-रडके चेहरे नकोत. मूल त्यात दुखणं नाही, मूड दाखवतं. शाळेत बक्षीस मिळालं की पाय ठणकत असतानाही हसरा चेहरा निवडतं. दवाखान्यात वापरतात त्यांपैकी ‘फेसेस पेन स्केल-रिव्हाइज्ड’ या सहा चेहऱ्यांच्या पट्टीवर हसू नसतं, अश्रूही नसतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ० ते १० आकडेही जमतात. ‘कुठे’ यासाठी कागदावर शरीराची पुढची-मागची आकृती काढून तिला रंगवू द्या आणि फोटो काढून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो औषधाच्या नोंदीत. ‘५ मिली दिलं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे २५० च्या बाटलीतून ६ मिली आणि १२५ च्या बाटलीतून १२ मिली. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं, तर डोस निम्मा किंवा दुप्पट होतो. म्हणून बाटलीच्या लेबलचा फोटो नोंदीसोबत ठेवा. डोस तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलाच द्या. दोन डोसांत किमान ४ तासांचं अंतर हवं आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

शक्य असेल तर पाचवा रकानाही करा, ‘आधी काय झालं होतं?’ मे महिन्यात पाणी कमी पडणं, कूलरच्या थेट झोतात झोपणं, डिसेंबरात थंड पाण्याची आंघोळ, जोराची धावपळ, ताप. दोन-तीन महिन्यांत तुमच्या मुलीचं कारण बहुतेक डोळ्यांसमोर येईल. दुखेल तेव्हा शेक द्या. सिकलसेलमध्ये बर्फ लावायचा नाही.

१०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, छातीत दुखणं, धाप, एकदम पांढरं पडून पोटाची डावी बाजू फुगणं, बोलणं अडखळणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर फॉर्म भरत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, आठ महिन्यांपासून पोट आणि डोकं दुखतं. रिपोर्ट नॉर्मल. शाळा बुडते. श्वासाच्या व्यायामासाठी मोबाइल दिला की तो गेमच खेळतो.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर: रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तो नाटक करतोय असं होत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झालेली असू शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी व्यायाम, मानसोपचार आणि औषधं यांचा एकत्र विचार केलेला आहे.

श्वासाच्या सूचना तुमच्याच आवाजात रेकॉर्ड करा: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. मोबाइल फ्लाइट मोडवर, स्क्रीन पालथी. सराव दुखत नसताना करायचा, नाहीतर ऐन कळ आल्यावर तो उपयोगी पडत नाही. शाळा दोन तासिकांपासून सुरू करा आणि पुढची वाढ आधीच वर्गशिक्षकांशी ठरवून ठेवा. बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी पूर्ण शाळा आणि वर क्रिकेट झालं, की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. म्हणून ठरलेल्या वेळेतच थांबता यावं यासाठी टायमर लावा. याच्या डायरीत आकडा नको. दिवसातून एकदा, आज काय काय केलं, एवढंच लिहू द्या.

प्रश्न: स्मार्ट घड्याळ दुखणं मोजतं का?
— एक वाचक, कामठी

उत्तर: नाही. घड्याळ हृदयाचे ठोके मोजतं, आणि ते धावल्यानेही वाढतात, भीतीनेही वाढतात. पावलं आणि झोप यांचा अंदाज मात्र कामाचा असतो. सिकलसेलच्या मुलात घड्याळावरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नका. मुलाला धाप लागत असेल, तर घड्याळात ९८ दिसत असलं तरी दवाखान्यात न्या.